दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुली

इसवी सन ३६९च्या आसपास, आज ज्याला आपण तुर्कस्तान म्हणतो त्या मुलखात मोठा दुष्काळ पडला. त्याच्या उत्तर भागात, डोंगरातल्या एका नदीकाठी मॅक्रिना नावाची बाई राहत होती. घर श्रीमंत, भावंडं पुष्कळ. बाराव्या वर्षी तिचं लग्न ठरलं आणि लग्नाआधीच नवरामुलगा वारला. दुसरं स्थळ तिने बघू दिलं नाही. एकदा ठरलं म्हणजे झालंच, असं ती म्हणाली आणि आयुष्यभर तशीच राहिली. (पुण्यातल्या वाचकाला यात काहीतरी ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की हे तिच्यावर कुणी लादलं नव्हतं.) पुढे तिने आईचं मन वळवून घरातल्या दासींना बरोबरीचं केलं. सगळ्यांना एकच जेवण, सगळ्यांची राहणी सारखी. आणि दुष्काळात रस्त्याच्या कडेला पडलेल्या मुली तिने उचलून घरी आणल्या, वाढवल्या, शिकवल्या. ३७९ साली ती गेली, तेव्हा या मुली आई गेल्यासारख्या रडल्या, असं तिच्या धाकट्या भावाने, निसाच्या ग्रेगरीने, तिच्या चरित्रात लिहून ठेवलं आहे.

तिचा दुसरा भाऊ बेसिल. त्याचं नाव जास्त मोठं झालं. त्याच दुष्काळात त्याने कैसरिया शहरात भुकेल्यांसाठी अन्न शिजवून वाढलं आणि पुढे शहराबाहेर दवाखाना, निराधारांचा आसरा, कारागिरांच्या खोल्या अशी एक वस्तीच उभारली. ख्रिस्ती जगातल्या धर्मादाय कामाचा इतिहास लिहिणारे सुरुवात बहुधा बेसिलपासून करतात. माझं मन मात्र मॅक्रिनापाशी अडकतं, कारण तिची गोष्ट वाचताना मला सारखं केडगाव दिसतं.

इंग्लंडच्या चर्चचं एक कॅलेंडर आहे. ज्यांची आठवण ठेवायची अशा माणसांचे दिवस त्यात दिलेले असतात. १९ जुलैला ग्रेगरी आणि त्याची बहीण मॅक्रिना. आणि ३० एप्रिलला पंडिता मेरी रमाबाई. हो, आपल्याच. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या कॅलेंडरमध्येही त्या आहेत, ५ एप्रिलला, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या तारखेला.

मी नारायण पेठेत राहते. इथे रमाबाईंचं नाव काढलं की निम्म्या लोकांना रमाबाई रानडे आठवतात, काहींना रमाबाई आंबेडकर. पंडिता रमाबाई म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एक परिच्छेद आणि मग ‘त्या ख्रिश्चन झाल्या ना?’ एवढ्यावर विषय संपतो. पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे, जवळच केसरीवाडा आहे. रमाबाईंवरचं सगळं वादळ ज्या छापील मराठीत झालं, ते वाचायला मला पाच मिनिटंही चालावं लागत नाही. (वाडा टिळकांनी घेतला १९०५ मध्ये. वादळ त्याच्या आधीचं.)

पण त्यांची गोष्ट केडगावला सुरू होत नाही, आणि विलायतेतही नाही. ती सुरू होते माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, शनिवारवाड्यात. अनंतशास्त्री डोंगरे नावाचा कर्नाटकातला तरुण पुण्यात रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकत होता. गुरुजी दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला, वाराणसीबाईंना, संस्कृत शिकवायला वाड्यात जात. शिष्य बरोबर असे. बाईमाणूस संस्कृत म्हणतं हे त्याने तिथे ऐकलं आणि त्याच्या डोक्यातून ते गेलं नाही. पुढे त्याने आपली दुसरी बायको लक्ष्मीबाई हिला शिकवलं, लोकांचा विरोध झाल्यावर गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिला, पण शिकवायचं सोडलं नाही. २३ एप्रिल १८५८ रोजी रमा त्या जंगलातच जन्मली. तिला संस्कृत शिकवलं ते आईने.

मग तीर्थयात्रा, पुराणं सांगणं, आणि दुष्काळ. १८७० च्या दशकातला मद्रास इलाख्यातला दुष्काळ. हा भाग रमाबाईंनी स्वतः लिहिला आहे, आणि मला तो वाचताना दर वेळी थांबावं लागतं. वडिलांनी आयुष्यभर दानधर्म केला, देवस्थानांना आणि ब्राह्मणांना देत राहिले, आणि शेवटी स्वतःजवळ काही उरलं नाही. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची लाज. तिरुपतीजवळच्या रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील गेले, मग आई, मग बहीण. आईचं प्रेत न्यायला माणसं मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. ती उंचीने लहान, म्हणून तिला खांदा देता येईना. तिने तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं.

त्यानंतर बहीणभाऊ हजारो मैल चालले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून, डोकं तेवढं बाहेर ठेवून ते झोपत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, हे आपल्याला पाठ असतं. ती सभेत उभी राहिली तेव्हा वाळूतल्या खड्ड्यांना किती दिवस झाले होते, हे कुणी सांगत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सहज सापडेल. भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी आंतरजातीय लग्न, मुलगी मनोरमा, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत वैधव्य. १८८२ मध्ये पुणे, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढे साक्ष. १८८३ मध्ये इंग्लंड, आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे बाप्तिस्मा.

धर्मांतर का केलं याची उत्तरं पुण्यात तेव्हापासून आजपर्यंत बरीच दिली गेली आहेत. त्यांनी स्वतः दिलेलं उत्तर मला सगळ्यात साधं वाटतं. लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेजच्या जोगिणींचं एक घर होतं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे माणूस म्हणून वागवत होते. असं कुणी करू शकतं हे रमाबाईंनी आधी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या शास्त्रांत अशा बाईला काय सांगितलं आहे हे त्यांना माहीत होतं, कारण शास्त्रं त्यांना पाठ होती. त्यांनी जोगिणींना विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचायला मिळाली.

म्हणून त्या चर्चच्या आज्ञेत राहिल्या असं मात्र नाही. शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जाचातून सुटून दुसऱ्याच्या हाती सापडायची त्यांची तयारी नव्हती, आणि हे त्यांनी गुरुस्थानी असलेल्या जोगिणीला पत्रातून स्पष्ट कळवलं. त्याच चर्चने पुढे त्यांचं नाव कॅलेंडरात घातलं, याची मला गंमत वाटते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, सल्लागार रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे. अट अशी, की इथे धर्म शिकवला जाणार नाही. सोवळं-ओवळं पाळायला मुली मोकळ्या होत्या. पण रमाबाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीका केली, १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं, वीस-पंचवीस मुलींना पालक घेऊन गेले.

या प्रसंगात एक बाजू खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि दोन्हीकडून ते झालेलंही आहे. माझं मत सांगते. पालकांना विचारायचा हक्क होता. तटस्थ राहू असं वचन दिलं होतं, आणि शिक्षिका हेच जिचं सगळं जग, तिच्या उघड्या दाराचं आकर्षण अकरा-बारा वर्षांच्या विधवेला किती असेल हे रमाबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहा. दार बंद करून प्रार्थना करा असं सांगणाऱ्या शहरात या मुलींसाठी दुसरं कुठलंही दार उघडं नव्हतं. केशवपन केलेली मुलगी घरी नेऊन तिला पुन्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवण्यापलीकडे टीकाकारांकडे काय योजना होती? जोतीराव फुले १८८५ मध्येच ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले होते. धर्म बदलल्याबद्दल आरडाओरडा करणाऱ्यांना त्यांनी उलट प्रश्न विचारले होते.

खरं उत्तर दिलं ते एका गणिताच्या प्राध्यापकाने. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी, वाद पेटलेला असताना, धोंडो केशव कर्व्यांनी या विधवेशी लग्न केलं. ती आनंदीबाई कर्वे झाली, आपल्या सगळ्यांची बाया कर्वे. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं, १९०० मध्ये ते हिंगण्याला गेलं. आज कर्वेनगरमध्ये शिकणाऱ्या मुलींना त्या जागेची मुळं ठाऊक असतात. शारदा सदनाचा धागा त्या मुळांत किती आत गेला आहे, हे फारसं बोललं जात नाही.

आणि त्याच १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्या पाहिल्या, आणि मुली हेरत हिंडणारे दलालही पाहिले. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर धड कपडा नसलेल्या मुलींना बघून आपल्याला आपलेच दिवस आठवले, असं त्यांनी लिहिलं आहे. शंभरेक नव्हे, सुमारे तीनशे मुली त्या घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग होता, शहरात नव्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. मग केडगाव. दौंडच्या वाटेवर, रेल्वेच्या कडेला, रमाबाईंनी शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती, फळबाग करून सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून. तिथे आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग दगडी इमारती. २४ सप्टेंबर १८९८ रोजी ‘मुक्ती’चं रीतसर उद्घाटन झालं. शहराबाहेरची वस्ती, दुष्काळातून जन्मलेली. बेसिलचीही तशीच होती, पण केडगावच्या वस्तीची मालकीण बाई होती.

इथे आता सोवळं नव्हतं. तीनशे मुली सगळ्या जातींच्या होत्या. आणि इथे ख्रिस्ती धर्म उघड होता, वचनाचा प्रश्न उरला नव्हता. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभतं, शेती, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल आणि वेताचं काम. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. नुसतं जेवायला घालणं हे रमाबाईंना पुरेसं वाटत नसे, याचं कारण मला त्यांच्या वडिलांत दिसतं. अनंतशास्त्र्यांनी दान देऊन घर रिकामं केलं आणि मुलांना हातांनी करायचं काम शिकवलं नाही. मुक्तीत आलेल्या मुलीच्या हाताला आधी काम दिलं जाई.

१९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची एक प्रचंड लाट आली, मुली रात्र रात्र रडत, बोलत, प्रार्थना करत. पेंटेकोस्टल पंथाच्या जागतिक इतिहासात केडगावचं नाव येतं ते त्यामुळे. मला त्या प्रकाराबद्दल काय वाटावं हे अजून ठरवता आलेलं नाही, पण ज्या मुलींचं रडणं आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं त्या मोठ्याने रडल्या, यात नवल वाटत नाही.

याच सुमाराला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषा घेऊन बसल्या. असलेला मराठी बायबल त्यांना संस्कृतात बुडालेला वाटत होता. संस्कृत ज्यांच्या तोंडात खेळत होतं त्या बाईला ते नको होतं. केडगावच्या आवारात राहणाऱ्या, खेड्यांतून आलेल्या बाईला एका वाचनात कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. मूळ भाषांवरून सगळं बायबल एका बाईने एकटीने मराठीत आणायचं, हे काम पंधरा वर्षांहून जास्त चाललं. इंग्लंडच्या चर्चचं कॅलेंडर त्यांच्या नावापुढे दुष्काळाचा उल्लेख करत नाही, भाषांतरकार म्हणून करतं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तिनेच पुढे सगळं सांभाळायचं असं ठरलेलं होतं. नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. भाषांतर पूर्ण झालेलं होतं. छपाई १९२४ पर्यंत चालली, मुक्तीच्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवायला त्यांनी शिकवलेल्या बायका होत्या.