दुधाचा दगड

सासूबाईंच्या बटणांच्या डब्यात मधाच्या रंगाची सहा बटणं होती. "शिंगाची दिसतात, बस्तीत जायच्या पोलक्याला लावू नकोस," असं त्या बजावायच्या. परवा मी त्यातल्या एकाला तापलेली सुई टेकवून पाहिली. शिंग असतं तर केस जळल्याचा वास आला असता. आला तो दूध करपल्याचा!

शिंग काय, रक्त काय, दूध काय, सगळी प्रथिनंच. शिंग उष्णतेनं नरम होतं, साच्यात दाबता येतं, हे कंगवे करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण भुकटीपासून वस्तू घडवायची तर ती सांधणारं काहीतरी हवं. पॅरिसच्या लपाजनं 1855 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लाकडाचा बारीक भुसा कत्तलखान्यातल्या रक्तात कालवायचा, वाळवून पुन्हा कुटायचा आणि पोलादी साच्यात तापवून दाबायचा. उष्णतेनं रक्तातलं प्रथिन गोठतं आणि भुसा घट्ट धरून ठेवतं. दौती, थोरामोठ्यांच्या मुखवट्यांची पदकं, सगळं काळंभोर, तुकतुकीत. नाव ठेवलं 'बोआ दुर्सी', म्हणजे टणक केलेलं लाकूड. लाकूड नावात आलं, रक्त मात्र गायब!

माझी बटणं पुढच्या पिढीतली. हॅनोव्हरच्या क्रिशे या मुद्रकाला शाळांसाठी पांढऱ्या पाट्या करायच्या होत्या. त्यानं श्पिटेलर या रसायनतज्ज्ञाच्या मदतीनं 1897 च्या सुमारास दुधातलं केसीन फॉर्मालिननं कडक केलं. त्याला 'गॅलॅलिथ' म्हणू लागले. ग्रीकमध्ये गाला म्हणजे दूध, लिथोस म्हणजे दगड. साय काढलेल्या दुधातलं केसीन वाळवून दळायचं, थोडं पाणी आणि रंग घालून मळायचं, दाबून कांड्या नाहीतर पत्रे करायचे, मग फॉर्मालिनमध्ये बुडवून ठेवायचे. पत्रा जाड असला तर महिने लागायचे. आपली लोणचीसुद्धा त्याआधी मुरतात. कडक झालेला माल पुन्हा साच्यात वळत नाही, म्हणून बटणं कातून काढायची.

दूधच ना, मग काय हरकत, असं मीही म्हटलं. पण या कामासाठी दूध लिंबानं फाडत नसत. विरजण असे रेनेटचं, आणि ते तेव्हा कापलेल्या वासराच्या जठरातून काढत. सासूबाईंचा अंदाज चुकला होता, संशय नव्हे.

बटणं डब्यातच आहेत. पोलक्याला मी टिचबटणं लावली.