बेरोजगारी भत्ता : बीरगांव

बेरोजगारी भत्ता (बीरगांव, जि. रायपूर, छत्तीसगड) : काम गेलेल्याला किंवा काम न मिळालेल्याला ठरावीक काळ मिळणारे रोख साहाय्य. बोलताना दोघांनाही बेरोजगारच म्हणतात. सरकारदरबारी मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

बीरगांव रायपूरला उत्तरेकडून लागून आहे. उरल्याच्या रोलिंग मिल आणि सिलतऱ्याचे स्पंज आयर्नचे कारखाने यांच्या आधाराने वाढलेली ही कामगारवस्ती. मजूर बहुतांशी ठेकेदाराचे. जुलै २०२४ अखेर वीजदरवाढीच्या निषेधार्थ राज्यातल्या मिनी स्टील प्लांटच्या मालकांनी भट्ट्या थंड ठेवल्या. अशा वेळी ठेका मजुराला कोणी ‘काढत’ नाही. उद्यापासून येऊ नको, एवढेच सांगतात. काम सुटल्याचा कागद हाती नसतो, आणि अर्जाची खरी अडचण इथूनच सुरू होते.

राज्याचा भत्ता १ एप्रिल २०२३ पासून, भूपेश बघेल सरकारच्या काळात सुरू झाला. महिना २,५०० रुपये, थेट बँक खात्यात. अटी अशा : वय १८ ते ३५, किमान बारावी उत्तीर्ण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, रोजगार कार्यालयातले पंजीयन (नोंदणी) किमान दोन वर्षांचे जुने आणि स्वतःची कमाई काही नाही. एका घरात एकालाच. मुदत एक वर्ष, फार तर दोन. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग दिलेल्या तारखेला मूळ कागद घेऊन पडताळणीला जायचे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला वर्षाच्या आतला लागे, त्यामुळे पटवाऱ्याकडे (आपल्याकडचा तलाठी) खेपा ठरलेल्याच. योजना शिकलेल्या, पण नोकरी न लागलेल्या तरुणासाठी होती. भट्टीवर पंधरा वर्षे घालवून चाळिशीत घरी बसलेला आठवी पास मजूर तिच्यात कुठेच बसत नव्हता. डिसेंबर २०२३ च्या सत्ताबदलानंतर तिला पूर्वीचा राजाश्रय राहिला नाही.

त्या मजुराची वाट कर्मचारी राज्य विमा निगमाकडे, म्हणजे ‘ईएसआय’कडे जाते. १ एप्रिल २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडल्यास किंवा कामगारकपात झाल्यास लागू होते. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली : रोजच्या सरासरी मजुरीच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. कोविडकाळात, २४ मार्च २०२० पासून काम गेलेल्यांसाठी, दर ५० टक्के झाला. काम गेल्यावर लाभासाठी थांबण्याची मुदत ९० वरून ३० दिवसांवर आली आणि मालकाच्या सहीशिवाय थेट शाखेत दावा करता येऊ लागला. ही सवलत पुढे वेळोवेळी वाढवली गेली. सरासरी ४०० रुपये रोज धरला, तर पन्नास टक्क्यांनी ९० दिवसांचे १८,००० रुपये होतात.

ठेका मजुरासाठी मालकाच्या सहीची अट जाणे हीच यातली सर्वांत मोलाची सुधारणा, कारण त्याचा मालक कोण यावरच वाद असतो. तरीही विमा दोन वर्षांचा लागतो. सवलतीच्या नियमानुसार काम जाण्याच्या लगतच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी हवी, शिवाय आधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. ठेकेदाराने हजेरी वीस दिवसांची लावून वर्गणी आठच दिवसांची भरली, तर मजुराला ते कळते अर्ज फेटाळल्यावर. ऑनलाइन खात्यात वर्गणीचे दिवस अधूनमधून पाहत राहणे हाच त्यावर उपाय. नोकरी असतानाच पाहावे, हे ओघाने आलेच. गैरवर्तनासाठी काढलेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला किंवा बेकायदा ठरलेल्या संपात असलेला कामगार या लाभातून बाद होतो.

संपाची ही अट या पट्ट्यात बोचणारी आहे. १९९०–९१ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली भिलाई, कुम्हारी, उरला इथले ठेका कामगार संघटित झाले, तेव्हा अनेकांना कामावरून कमी केले गेले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींचा खून झाला. त्या कामगारांसाठी असा कोणताही भत्ता तेव्हा नव्हता.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने (१९७७) ग्रामीण भागात काम मागूनही न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद केली होती. शहरी कारखान्यातल्या मजुराला तसा हक्क तिथेही मिळाला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांची मजुरी देण्याची तरतूद आहे. ती ४५ दिवसांत खात्यात जमा व्हावी लागते.