खळ्यातले लोखंड आणि विहिरीचे पाणी

खानदेशात आखाजी जवळ आली की शेतीचे वर्ष सरते. सालदाराचा हिशेब होतो, नव्या वर्षाचा करार ठरतो आणि त्याच सुमारास खळे, गोठा, मळ्यातली खोली मोकळी करण्याचे काम निघते. या कामाला चार मित्र लागतातच, कारण जे हलवायचे ते एकट्याच्याने हलत नाही. दोन जड चाकांचे जुने इंजिन, गंजलेला पंप, मोटेचे चाक, लाकडी चाकांची बैलगाडी, पाट्यांचा नांगर, टायर बसलेला ट्रॅक्टर, कधी टप फाटलेली जीप. भंगारवाल्याचा काटा येतो, वजन होते, पैसे मोजले जातात आणि संध्याकाळपर्यंत जागा मोकळी होते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हे गेली काही वर्षे गावोगाव चालले आहे आणि त्यात चुकीचे काही नाही. पण या ढिगाकडे अडगळ म्हणून पाहणे चुकीचे आहे असे मला वाटते. त्यातली बहुतेक यंत्रे मोडली म्हणून थांबलेली नाहीत. मोडलेले यंत्र खानदेशातला मिस्तरी चालू करून देतो, तीस-चाळीस वर्षे देत आला आहे. ती थांबली, कारण ज्या पाण्यासाठी ती घेतली होती ते पाणी त्यांच्या आवाक्याबाहेर गेले. शेतकऱ्याने एकामागून एक काय विकत घेतले आणि काय बाजूला ठेवले, हा क्रम नीट लावला तर तापीच्या खोऱ्यात भूजल कसे उतरत गेले याचा इतिहास हाती येतो, आणि तो इतक्या बारकाईने दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही.

सुरुवात मोटेपासून करावी लागते. विहिरीची मोठाई पूर्वी मोटेवरून सांगत, दोन मोटेची विहीर, चार मोटेची विहीर. मोटेच्या रचनेत पाण्याच्या खोलीचे माप आपोआप उतरलेले असते. बैल उतारावरून जितके खाली जातात तितकीच मोट वर येते, म्हणून पाणी जितके खोल तितकी धाव लांब. वर्षानुवर्षे मोट चाललेल्या विहिरीची धाव बुजवलेली नसेल, तर ती पावलांनी मोजूनही त्या काळी उन्हाळ्यात पाणी किती हातांवर होते हे सांगता येते. थारोळ्याच्या दगडावर दोराने पाडलेली खाच असते. ती किती खोल आहे त्यावरून मोट किती चालली याचा अंदाज बांधता येतो. चामड्याच्या मोटेच्या जागी लोखंडी मोट आली तरी खोलीचे हे नाते बदलले नाही. नांगराचे मात्र वेगळे. किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ चा, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत लाकडी नांगर मागे पडत गेला. तो बदल मशागतीचा होता, पाण्याशी त्याचा संबंध नव्हता. ढिगातले सगळेच लोखंड सारखे बोलत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

इंजिन आले आणि मोटेने न घातलेली एक मर्यादा आली. वरून ओढून घेणारा पंप पाण्याला स्वतः खेचत नाही. तो नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हिशेबाने ही उंची दहा मीटरच्या आसपास जाते, पण सांधे, घर्षण आणि फूटव्हॉल्व्हची गळती धरता प्रत्यक्षात सहा-सात मीटर. पाणी त्याखाली गेले की पंप हवा धरतो आणि धडधडत कोरडा फिरतो. मोट चाळीस फुटांवरून पाणी काढू शकत होती. तिच्या जागी आलेल्या इंजिनाला वीस-बावीस फुटांच्या आत पाणी हवे होते. म्हणून इंजिन काठावर ठेवून भागेना आणि ते विहिरीच्या पोटात उतरवावे लागले. भिंतीत खोदून किंवा बांधून ओटा करायचा आणि घोडी लावून, चेनकप्पीने तीनशे किलोंच्या वरचे धूड त्या ओट्यावर बसवायचे. धूर वर नेणारा पाइप नीट नसेल तर खाली उतरलेला माणूस गुदमरून मरे, आणि अशी माणसे खरोखरच गेली आहेत. पाणी आणखी उतरले की पहिला ओटा सोडून खाली दुसरा. जुन्या विहिरीत वाकून पाहिले तर एकाखाली एक असे दोन, क्वचित तीन ओटे दिसतात. वरच्या ओट्याच्या भिंतीवर तेलाचा आणि काजळीचा काळा पट्टा असतो. खालच्यावर तो नसतो, तिथे विजेच्या मोटारीच्या पायाचे बोल्ट उरलेले असतात. इंजिनाचे युग कोणत्या पातळीला संपले आणि विजेची मोटार कोणत्या पातळीपर्यंत उतरली, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा कागद माझ्या माहितीत नाही.

वीज आली ती १९६० मध्ये राज्य आणि वीजमंडळ स्थापन झाल्यानंतर, गावागावाने, टप्प्याटप्प्याने. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी खोल करण्याची आणि पुढे बोअर घेण्याची घाई लावली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकार लागू झाला, तेव्हा पाणी किती उपसले याला पैशाचा लगाम उरला नाही. मग विहिरीच्या तळातून आडवे बोअर, नंतर उभे बोअर, आणि शेवटी पाण्यातच बुडून राहणारी पाणबुडी मोटार. ही मोटार पाणी ओढत नाही, खालून ढकलते, म्हणून सहा-सात मीटरची अट तिला नाही. ती आली त्या दिवशी विहिरीतले सगळे ओटे आणि त्यांवरची सगळी यंत्रे एकदम निरुपयोगी झाली. सातपुड्याच्या पायथ्याचा चोपडा, यावल, रावेरचा गाळाचा पट्टा केळीने श्रीमंत झाला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे हेच पाणी आहे, आणि शासनाच्या भूजल मूल्यांकनात रावेर आणि यावल अतिशोषित ठरले त्यामागेही हेच. धुळ्याकडे, साक्री-शिंदखेड्याच्या काळ्या पाषाणात, गोष्ट वेगळी आहे. तिथे झिजलेल्या खडकाचा थर संपला की सुरुंग लावूनही फारसे लागत नाही. त्यामुळे त्या बाजूची जुनी विहीर उथळ असते, तिच्यात ओटे कमी असतात, आणि खळ्यातले इंजिन पाणी खोल गेल्यामुळे नाही तर पाणीच संपल्यामुळे थांबलेले असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की इंजिन मागे पडले ते विजेमुळे, पाण्यामुळे नव्हे. डिझेल महाग, हँडल मारणे कष्टाचे, वीज स्वस्त. मग भूजलाचा इतिहास त्यात कुठून आला? आक्षेपात तथ्य आहे. इंजिन जाऊन मोटार आली तो बदल मुख्यतः पैशाचा होता, हे मान्य करायला हवे. म्हणूनच पहिली मोटार इंजिनाच्याच ओट्यावर बसली, त्याच नळीला जोडली गेली. इंजिन खळ्यात जपून ठेवले गेले आणि भारनियमनाच्या वर्षांत पुन्हा बाहेर निघाले. पण त्या ओट्यावरची मोटार सोडून पाणबुडी घेण्याचा बदल पैशाने समजावता येत नाही. ओट्यावरची मोटार चालत होती, तिला वीज होती, तिचा मिस्तरी गावात होता. पाणबुडी महाग, बोअर त्याहून महाग, आणि बिघडली की सगळा पाइप वर काढावा लागतो. शेतकऱ्याने हा खर्च केला तो पाणी त्या ओट्यापासूनही सहा-सात मीटरच्या पलीकडे गेले म्हणूनच. उलट बाजूचा पुरावाही खानदेशातच आहे. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे फड चालले. नदीला बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या शेताचे फड, पाणी सोडायला पाटकरी आणि पाणी उताराने आपोआप वाहणारे. त्या पाण्याला ना मोट लागली ना इंजिन. वरच्या बाजूला धरणे झाली, फडाला पाणी कमी पडू लागले, आणि मग त्या शेतांत विहिरी खोदल्या गेल्या, पंप आले. पाणी जवळ होते तोवर लोखंड नव्हते आणि पाणी हटले तेव्हा लोखंड आले.

पाण्यावाचूनची यंत्रेही याच कारणाने थांबली, म्हणजे झिजून नव्हे तर त्यांचा आधार सरकल्यामुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६० च्या दशकात खानदेशच्या कापसाला भाव आला, रेल्वे आली, जळगावात कापसाचा बाजार उभा राहिला आणि पुढे धरणगाव, अमळनेर, पाचोऱ्याला जिनांची धुराडी दिसू लागली. त्या जिनांतले रेचे कातड्याचे रूळ बदलत कितीही वर्षे चालले असते. ते निघाले ते २००० साली सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने जिनांच्या आधुनिकीकरणाला मदत दिली तेव्हा. रावेर, निंभोरा, सावद्याच्या स्टेशनांत केळीचे डबे भरत तोवर मळ्यातून स्टेशनापर्यंत गाडीबैल हवेच होते. ट्रक थेट बागेत येऊ लागला आणि गाडी खळ्यात उभी राहिली.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मला जास्त वजनाचा वाटतो. शेतकऱ्याला जागा हवी, पैसा हवा, ढिगात साप-विंचू राहतात, आणि लोखंड वितळून जालन्याच्या कारखान्यांत सळई होत असेल तर त्याला दुसरा जन्मच मिळतो. हे सगळे खरे आहे. म्हणून यंत्रे जपून ठेवा असे मी म्हणत नाही. प्रत्येक गावात संग्रहालय निघणार नाही, निघाले तरी टिकणार नाही. मुद्दा यंत्राचा नाही, यंत्राला चिकटलेल्या माहितीचा आहे, आणि ती माहिती काट्यावर चढण्याआधी अर्ध्या तासात उतरवून घेता येते. कोणी म्हणेल, हे सरकारदफ्तरी आहेच. पशुगणनेत नांगर, गाड्या, तेलइंजिने, विजेचे पंप, ट्रॅक्टर मोजले गेले आहेत आणि बारा नंबरच्या उताऱ्यावर सिंचनाचे साधन लिहिलेले असते. पण गणना तालुक्यात किती इंजिने होती ते सांगते, कोणत्या विहिरीत कोणत्या ओट्यावर होती ते सांगत नाही. उतारा विहीर आहे एवढे सांगतो, पाणी किती फुटांवर होते ते सांगत नाही. सरकारची निरीक्षण विहीर एका गावात एखादीच असते, आणि अनेक गावांत तीही नाही. खळ्यातले लोखंड मात्र प्रत्येक मळ्यात आहे.

या कामाला खानदेशात आदर्श आहे. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून रुमाल गोळा करत हिंडले, कारण जुनी दप्तरे रद्दी म्हणून जात होती आणि घरच्यांना त्यांचे मोल कळत नव्हते. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंदिर आजही तिथे उभे आहे. कागदावर मजकूर असतो आणि लोखंड मुके असते, असा भेद कोणी करील, पण इंजिन मुके नसते. त्याच्या अंगावर पितळी पट्टी असते, तिच्यावर कारखान्याचे नाव, अश्वशक्ती, मिनिटाचे फेरे आणि क्रमांक ठोकलेला असतो. पुण्यात १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे की राजकोटच्या कारखान्यांतले, हे त्या पट्टीवरून कळते, आणि क्रमांकावरून काळाचा अंदाज घेता येतो. पाच अश्वशक्तीचे काढून आठचे घेतले असेल तर पाणी का वर येईना, याचे उत्तर त्यात असते. नळीला मागाहून जोडलेला तुकडा, त्यावरचा वेल्डिंगचा डाग, हीसुद्धा तारखेवाचूनची नोंदच आहे. तारीख सांगणारी माणसे मात्र आता ऐंशीच्या पुढे आहेत.

तेव्हा यंदा आखाजीच्या आधी जे मित्र खळे मोकळे करायला जमतील त्यांना एवढीच विनंती. भंगारवाल्याला बोलावण्याआधी पितळी पट्टीचा फोटो घ्या. इंजिन कोणत्या विहिरीचे होते, केव्हा बसवले, केव्हा काढले, हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून लिहा. विहिरीत दोर सोडून काठापासून प्रत्येक ओट्याची खोली मोजा, धाव शिल्लक असेल तर तिची लांबीही मोजा, आणि त्या कागदाची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा गावच्या शाळेत द्या. मग लोखंड खुशाल जाऊ द्या.