वशीकरणाचा हिशेब

१९७०च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांमध्ये एक नवीच धास्ती शिरली. कॉलेजात शिकणारा, बरे मार्क मिळवणारा मुलगा सुट्टीत कुठेतरी हिंडायला जायचा. दोन-चार हसतमुख तरुण-तरुणी भेटायच्या, दोन दिवसांच्या शिबिराचं आमंत्रण मिळायचं आणि काही आठवड्यांनी घरी फोन यायचा की शिक्षण सोडलं, आता देवाच्या कामाला लागलो. पुढे कळायचं की पोरगा व्हॅनमधून गावोगाव फिरून फुलं आणि मेणबत्त्या विकतो, सगळे पैसे पंथाला देतो आणि कोरियातल्या सन म्युंग मून यांना मसीहा मानतो. मून यांनी १९५४ साली सोलमध्ये स्थापन केलेलं हे ‘युनिफिकेशन चर्च’. त्याच्या अनुयायांना लोक ‘मूनी’ म्हणू लागले. आईबापांनी एकच निष्कर्ष काढला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला: पोराचं ब्रेनवॉशिंग झालं.

ही कल्पना रुजली कोरियन युद्धाच्या काळात. चिन्यांच्या कैदेतल्या २१ अमेरिकन सैनिकांनी युद्धानंतर मायदेशी परतायला नकार दिला, तेव्हा माणसाचं मन धुऊन पुसून कोरं करता येतं अशी भीती अमेरिकेत पसरली. मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन आणि मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी या छळछावण्यांतून सुटून आलेल्यांचा अभ्यास केला. कैद आणि सततचा धाक यांनी माणसं हवं ते वदली होती खरी, पण सुटकेनंतर त्यांतली फार थोडी त्या विचारांची राहिली होती. हे बारकावे सामान्य वाचकापर्यंत पोचलेच नाहीत. भीती तेवढी पोचली.

भीतीतून धंदा उभा राहिला. कॅलिफोर्नियातल्या टेड पॅट्रिकने आईबापांकडून पैसे घेऊन सज्ञान मुलांना रस्त्यातून उचलायचं, खोलीत कोंडायचं आणि पंथाचं भूत उतरेपर्यंत दिवसेंदिवस त्यांच्यावर भडिमार करायचा, असा प्रकार सुरू केला. त्याला ‘डीप्रोग्रॅमिंग’ असं शास्त्रीय वाटणारं नाव मिळालं. पॅट्रिकला त्यासाठी तुरुंगवासही झाला. तरी आईबाप येतच राहिले, आणि त्यांना दोष देणं अवघड आहे. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या जोन्सटाउन वसाहतीत पंथप्रमुख जिम जोन्सच्या नऊशेहून अधिक अनुयायांचा अंत झाला. त्यांत तीनशेच्या आसपास मुलं होती. त्यानंतर कुठल्याही नव्या पंथात गेलेल्या मुलाच्या घरी शांत झोप लागणं शक्यच नव्हतं.

नव्या पंथांची ही लाट पुण्यालाही येऊन भिडली होती. १९७४ पासून कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम उभा राहिला आणि भगव्या-तांबड्या कफन्या घातलेले, गळ्यात गुरूच्या फोटोची माळ मिरवणारे जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन तरुण तिथल्या रस्त्यांवर दिसू लागले. पुणेकरांच्या दृष्टीने तो कुतूहलाचा आणि बराचसा नाराजीचा विषय होता. त्या तरुणांच्या मायदेशात मात्र ते, मूनी आणि हरे कृष्णवाले एकाच यादीत बसत, आणि तिघांवरचा आरोपही एकच होता.

समाजशास्त्राने या पंथांकडे पाहायला खूप आधीच सुरुवात केली होती. १९५९ साली यंग ऊन किम ही मून यांची प्रचारक अमेरिकेत आली. पूर्वी प्राध्यापिका असलेल्या या बाईंभोवती सॅन फ्रान्सिस्को परिसरात मूठभर माणसं जमली. बर्कलीचा संशोधक विद्यार्थी जॉन लॉफलंड त्यांच्यात जाऊन बसू लागला. त्याने आणि रॉडनी स्टार्कने १९६५ साली निबंध लिहिला, पाठोपाठ १९६६ साली लॉफलंडचं ‘डूम्सडे कल्ट’ हे पुस्तक आलं. पंथाची आणि माणसांची नावं त्यात बदललेली होती. दोघांना दिसलं ते असं: शिकवण पटली म्हणून माणूस पंथात येतो, हे अर्धसत्य आहे. आधी आतल्या कुणाशी तरी मैत्र जुळतं, बाहेरचे धागे सैल झालेले असतात, आणि मग शिकवण पटू लागते. आज हे ऐकताना साधं वाटतं. तेव्हा धर्मांतराचा विचार प्रवचन आणि श्रोता यांच्यापलीकडे फारसा जात नसे.

पण ब्रेनवॉशिंगचा आरोप खरा की खोटा, हे तपासायला आणखी एक गोष्ट हवी होती, आणि ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या आयलीन बार्कर यांनी केली. तोवर बहुतेकांनी दोनच प्रकारच्या माणसांना विचारलं होतं: पंथात असलेले आणि पंथ सोडून संतापलेले. शिबिराला जाऊन चहा पिऊन घरी परतलेल्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बार्कर यांनी पंथाकडे सदस्यांची पूर्ण यादी मागितली आणि मुलाखतीची माणसं आपण निवडणार, पंथ नाही, असं ठणकावलं. एकेक मुलाखत कित्येक तास चालायची. प्रश्नावली ४१ पानांची होती. तुलनेसाठी पंथाशी संबंध नसलेल्या त्याच वयाच्या, त्याच थरातल्या तरुणांनाही त्यांनी प्रश्न विचारले.

शिबिरांनाही त्या स्वतः बसल्या. तिथे पहारा नव्हता, कुलूप नव्हतं. व्याख्यानांमागून व्याख्यानं होती: सृष्टीची उत्पत्ती, ईव्हचं पतन, येशूचं अपुरं राहिलेलं कार्य, मग इतिहासातल्या सनावळ्यांची जुळवाजुळव, आणि शेवटी नवा मसीहा कोरियात जन्मला असल्याची सूचना. मध्ये गाणी, जेवण, आणि पाहुण्याची विचारपूस करणारं कुणीतरी सतत शेजारी. कॅलिफोर्नियात तर आपण मूनी आहोत हेच काही शाखा नव्या पाहुण्याला सांगत नसत. ही लबाडी होतीच. पण तिला वशीकरण म्हणायचं का?

उत्तर हिशेबात होतं. १९७९ साली लंडन परिसरातल्या शिबिरांना हजाराहून थोडे अधिक लोक आले होते. त्यांतले सुमारे ९० टक्के पंथात गेलेच नाहीत. जे गेले त्यांतल्या बहुतेकांनी दोन वर्षांच्या आत, आपणहून, पंथ सोडला. मन ताब्यात घेणारं तंत्र दहातल्या नऊ जणांवर चालतच नसेल, तर त्याला अटळ कसं म्हणायचं? आणखी एक गोष्ट लोकसमजाच्या उलट निघाली. दुबळ्या, भरकटलेल्या मनाची मुलं जाळ्यात सापडतात असा समज होता. अशी मुलं एकतर आलीच नाहीत, किंवा आली तरी लवकर निघून गेली. टिकले ते चांगल्या घरचे, सेवेचे संस्कार असलेले, जगासाठी काहीतरी करायची आस असलेले तरुण.

‘द मेकिंग ऑफ अ मूनी’ हे पुस्तक १९८४ साली आलं. त्याआधीच, १९८१ मध्ये, पंथाने ‘डेली मेल’विरुद्ध लावलेला बदनामीचा खटला गमावला होता. सुमारे सहा महिने चाललेल्या त्या खटल्यात ज्यूरीने पंथाच्या करसवलतीचीही चौकशी व्हावी असं सुचवलं. अशा वातावरणात बार्कर यांच्यावर पंथधार्जिणेपणाचा शिक्का बसला. पंथाने भरवलेल्या परिषदांना त्या गेल्या होत्या, हे टीकाकारांच्या हातात आयतं कोलीत होतं. या टीकेत तथ्यही होतं. ज्याचा अभ्यास करायचा त्याच्या पैशाने प्रवास केला की संशय येणारच, आणि त्या काळात अनेक अभ्यासकांनी ते टाळण्याची काळजी घेतली नाही. पण हिशेब चुकीचा होता असं कुणी दाखवू शकलं नाही. १९८७ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने मानसशास्त्रज्ञ मार्गारेट सिंगर यांच्या समितीचा पंथांवरचा अहवाल शास्त्रीय काटेकोरपणाअभावी स्वीकारला नाही. १९८८ मध्ये बार्कर यांनी ब्रिटनच्या गृहखात्याच्या मदतीने ‘इन्फॉर्म’ ही संस्था काढली. घाबरलेल्या आईबापांनी फोन करायचा आणि त्या विशिष्ट पंथाविषयी तपासून घेतलेली माहिती मिळवायची, एवढंच तिचं काम. मुलं उचलून नेण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं होतं.

तरीही या अभ्यासाची एक मर्यादा पुढे जपानने दाखवून दिली. जपानवर कोरियाचं ऋण आहे, असं मून यांची शिकवण सांगे, आणि तिथल्या सदस्यांकडून देणग्यांचा ओघ वळवला जाई. ‘तुमच्या पूर्वजांचे आत्मे तळमळत आहेत,’ असं सांगून कलश, शिक्के, छोटे मनोरे अफाट किमतींना विकले जात. आपल्याकडे पितृदोषाच्या नावाखाली चालतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९८७ पासून तिथल्या वकिलांनी एकत्र येऊन याविरुद्ध लढा चालवला. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंजो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने पंथाला सुमारे दहा कोटी येन दिले होते आणि घर कफल्लक झालं होतं. आबे यांनी पंथाशी जोडलेल्या एका संस्थेला व्हिडिओ संदेश दिला होता, तो त्याच्या डोक्यात बसला होता.

बार्कर यांनी मोजलं ते दारातून आत आलेल्यांना आणि बाहेर पडलेल्यांना. पंथाच्या घरात जन्मलेल्या किंवा आईच्या श्रद्धेपायी भुकेल्या राहिलेल्या मुलाने कुठलं शिबिर निवडलंच नव्हतं. जपानमध्ये आता ही ‘दुसरी पिढी’ उघडपणे बोलू लागली आहे आणि संशोधनही तिच्याकडे वळलं आहे. २०२२च्या डिसेंबरात देणग्या उकळण्याला आळा घालणारा कायदा तिथे झाला. २५ मार्च २०२५ रोजी टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने पंथाची धार्मिक संस्था म्हणून असलेली मान्यता काढून ती संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. अशा आदेशाने करसवलत जाते आणि मालमत्तेचा निकाल लावावा लागतो, पण मून यांना मानणाऱ्यांनी एकत्र जमून प्रार्थना करण्यावर बंदी येत नाही.