समुद्रशेवाळातील खनिजे आणि माणसे



मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. जे थोडे वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर. तेव्हा या विषयात मी मजुराच्या दाराने शिरलो, तर पंडितांनी राग मानू नये.

समुद्रशेवाळाला झाडासारखी मुळे नसतात. ते सर्वांगाने पाण्यातील द्रव्ये ओढून घेते, आणि त्यात माणसाला हितकर कोणते व घातक कोणते, ही निवड काही ते आपल्यासाठी करीत नाही.

या खनिजांचा पहिला मोठा व्यापार झाला तो राखेचा. काच आणि साबण यांना सोडाखार लागे. नेपोलियनशी युद्ध जुंपल्यावर स्पेनचा माल मिळेना, तेव्हा स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवरील शेवाळाला सोन्याचा भाव आला. गार पाण्यात उभे राहून कोयत्याने शेवाळ कापायचे, वाळवायचे, खड्ड्यात जाळायचे. सुमारे २० टन ओल्या शेवाळाची एक टन राख होई. तेजीत तिला टनामागे २० पौंडांच्या आसपास भाव मिळे. कष्टकऱ्याच्या हाती मात्र दोन-तीन पौंड पडले तरी पुष्कळ. लोक अमेरिकेला निघून जाऊ लागले, तेव्हा १८०३ साली पार्लमेंटने प्रवासी जहाजांचा कायदा केला. नाव प्रवाशांच्या सुरक्षिततेचे. पण भाडे वाढून गरिबाचे जाणे अडले, आणि त्यासाठी जमीनदारांनी जोर लावला होता. असले ‘हिताचे’ कायदे आमच्या ओळखीचे आहेत! पुढे परदेशी खारावरील व मिठावरील कर उतरले, राखेचा भाव कोसळला, आणि त्याच माणसांना ‘फाजील’ ठरवून बोटीत बसविण्यात आले.

याच राखेतून १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांना आयोडीन सापडले. ते बंदुकीच्या दारूसाठी सोरा करीत. राखेच्या द्रावात गंधकाम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ उठली. कुर्त्वा १८३८ साली गरिबीत वारले. १८२० मध्ये जिनिव्हाच्या डॉ. क्वांदे यांनी गलगंडावर आयोडीन दिले. गुण आला, पण मात्रा चुकलेल्या रोग्यांना अपायही झाला.

तोच धडा जपानने पुन्हा दिला. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. वाळक्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्येच ते हजारांहून अधिक असू शकते. होक्काइडोच्या किनाऱ्यावर रोज कोम्बू खाणाऱ्यांना गलगंड होतो, असे १९६० च्या दशकात आढळले. म्हणजे कमतरतेचा रोग अतिरेकानेही होतो.

आणि सोमल? बहुतेक शेवाळांत तो सेंद्रिय स्वरूपात, पुष्कळच कमी घातक असा असतो. हिजिकी या काळ्या शेवाळात मात्र अस्सल विषारी, असेंद्रिय सोमल भरपूर निघतो. म्हणून कॅनडाने २००१ साली व ब्रिटनने २००४ साली ते टाळण्याचा सल्ला दिला. जपानी गृहिणी ते भिजवून, उकळून पाणी फेकून देते. त्याने सोमल बराच उतरतो.

याच हिजिकीची लोहासाठी मोठी ख्याती होती. जपानच्या सरकारी अन्नकोष्टकात १०० ग्रॅम वाळक्या मालात ५५ मिलिग्रॅम लोह लिहिलेले असे. २०१५ साली नवे कोष्टक निघाले, आणि पोलादी भांड्यात उकळलेल्या मालात ते ६.२ मिलिग्रॅमच भरले. बाकीचे लोह शेवाळाचे नव्हतेच. ते कारखान्यातल्या जुन्या लोखंडी कढईचे होते.