पंचेचाळीस फेऱ्यांचा हिशेब

बी.कॉम. झालेल्या माणसाला गाणं ऐकू येत नाही, त्यावर झालेला खर्च ऐकू येतो, असं आमच्या घरी बोललं जातं. बोलणारीचं नाव सांगत नाही. मला त्याच घरात राहायचं आहे. पण अमेरिकेत नि इंग्लंडात जुन्या वळणाचं रॉक अँड रोल वाजवणारे छोटे छोटे बँड आजही नवं गाणं सात इंची तबकडीवर काढतात, हे कळल्यापासून माझा वाणिज्य शाखेचा जीव खालीवर होतो आहे. पाठीशी मोठी कंपनी नाही, केस तेल लावून मागं वळवलेले आणि खर्च स्वतःच्या खिशातला! एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक. तीन मिनिटं झाली की उठा आणि तबकडी उलटा. फोनमध्ये लाखो गाणी वाजत असताना हा उपद्व्याप कशाला, असं तुम्ही विचाराल. उत्तर जुन्या खतावणीत आहे.

पूर्वी तबकडी लाखेची असे, मिनिटाला ७८ फेरे घेई आणि हातातून पडली की तिचे तुकडे होत. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आणली. आरसीए व्हिक्टरनं मुकाट्यानं तीच काढावी की नाही? छे! त्यांनी १९४९ साली ४५ फेऱ्यांची, सात इंची, मधोमध हे एवढं भोक असलेली वेगळीच तबकडी बाजारात आणली. भाऊबंदकी काही कोकणातच असते असं नाही. कुठलं यंत्र घ्यावं हे गिऱ्हाइकाला कळेना. शेवटी दोनतीन वर्षांत तह झाला: लांबलचक संगीताला लाँग प्ले, सुट्या गाण्याला ४५. (आपल्याकडे हीच सात इंची तबकडी ईपी म्हणून आली आणि तिनं घरोघरी भावगीतं पोचवली.)

ही तबकडी हलकी, न फुटणारी, टपालानं पाठवायला सोपी. त्यामुळे सगळ्यात जास्त फावलं ते छोट्या दुकानदारांचं. मेम्फिसच्या सॅम फिलिप्सनं १९५० साली एका खोलीत ध्वनिमुद्रणाचं दुकान थाटलं. लग्न असो की मयत, पैसे द्या, मुद्रण करून देतो. १९५२ मध्ये त्यानं 'सन' ही स्वतःची कंपनी काढली. १९५३ च्या उन्हाळ्यात एक अठरा वर्षांचा पोरगा आला, चारेक डॉलर मोजून दोन गाणी एका तबकडीवर मुद्रित करून घेऊन गेला. नाव एल्व्हिस प्रेस्ली. पुढच्या वर्षी, ५ जुलै १९५४ ला, त्याच खोलीत त्याचं 'दॅट्स ऑल राइट' मुद्रित झालं. दोन गिटार, एक उभा बास, ड्रमवाला नाहीच. पंधरवड्यात तबकडी बाजारात!

इथून पुढं गोष्ट आमच्या खात्यात येते. तबकडी दाबणारा कारखाना रोख मागतो. घाऊक व्यापारी माल भराभर उचलतो, पैसे मात्र सावकाश देतो. म्हणजे गाणं जितकं खपेल तितकी तिजोरी रिकामी! आमच्या शाखेत असे फराळवाले दर दिवाळीआधी येतात. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून एका हातात पेढे आणि दुसऱ्या हातात कर्जाचा अर्ज. नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्सनं एल्व्हिसचा करार ३५,००० डॉलरला विकला. कुणाला? ४५ ची तबकडी काढणाऱ्या त्याच आरसीएला! पुढच्याच वर्षी 'हार्टब्रेक हॉटेल' दहा लाखांवर खपलं. लोक अजून फिलिप्सला हसतात. मी हसत नाही. देणी डोक्यावर होती. त्यानं पैसा मोकळा केला आणि त्या बळावर १९५६ मध्ये कार्ल पर्किन्सचं 'ब्लू स्वेड शूज' दहा लाखांच्या घरात नेलं. खेळतं भांडवल नसेल तर सोन्याची कोंबडीसुद्धा दाण्याला महाग होते, हे आमच्या क्रमिक पुस्तकात होतं. फक्त कोंबडी नव्हती.

आता आजच्या त्या तेल लावलेल्या पोरांकडे बघा. तीनचारशे तबकड्या दाबायच्या, जमलं तर आगाऊ पैसे घ्यायचे आणि कार्यक्रमाच्या दाराशी टेबल टाकून उरलेल्या स्वतःच विकायच्या. व्यापारी नाही, उधारी नाही. फिलिप्सला जे नडलं तेवढं वगळून बाकी सगळं त्यांनी जसंच्या तसं उचललं आहे. आम्ही उगीच त्यांना जुनाट म्हणतो!

आणि ती चार डॉलरची तबकडी? जानेवारी २०१५ मध्ये तिचा लिलाव झाला. ती ३ लाख डॉलरला घेतली जॅक व्हाइटनं. तोही गाणारा, स्वतःची छोटी कंपनी असलेला. त्यानं तिच्या नव्या प्रती दाबून त्याच वर्षी बाजारात आणल्या.

तेव्हा अशा बँडवाल्यांना माझा आशीर्वाद आहे: बाळांनो, गाणं चालू दे, पण बेतानं. फारच चाललं, तर या आमच्याकडे. येताना दोन जामीनदार आणा.