बेझंटबाईंचे मातृत्व

होमरूलच्या चळवळीमुळे ॲनी बेझंटबाईंचे नाव आपल्याकडे घरोघरी झाले. त्यांच्या मातृहृदयाची ओळख मात्र आम्हांस फारशी नाही. धर्ममतांवरून १८७३ साली त्यांचे पतिगृह सुटले, तेव्हा पुत्र डिग्बी पित्यापाशी राहिला. पुढे संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल १८७७ साली खटला झाला आणि दुसऱ्याच वर्षी न्यायालयाने कन्या मेबेलही त्यांच्यापासून काढून घेतली. मागाहून भेटीचा हक्क मिळाला. परंतु अशा भेटींनी मुलांच्या मनास नित्य क्लेश होतात, हे पाहून बाईंनी तो आपण होऊन सोडला, व मुले जाणती होण्याची वाट पाहिली. वयात येताच दोन्ही भावंडे आईकडे परतली. केवळ हक्क बजावून ती मिळाली नसती, असे आम्हांस वाटते.